अकारविल्हे : प्रकल्प नोंदी

काम एका ओळीत: मराठी नावांची साधी मजकूर-यादी वर्णमालेच्या क्रमाने लावणारं छोटं साधन. सी भाषेतली एक फाइल, साफसफाईची एक ऑक फाइल, वर्णक्रमाचा एक तक्ता, एक मेकफाइल. बाहेरची एकही लायब्ररी नाही. परवाना आयएससी (मुक्त वापराचा). नोंदींतले सगळे युनिकोड संकेतांक (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला क्रमांक) दशमान पद्धतीत आहेत.

७ सप्टेंबर २०२५, ठाणे

निमित्त घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या वाचनालयाचं. पुस्तकांच्या ३,४१२ नोंदी आहेत. रकाने चार: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, कपाट. दिवाळी अंक यायच्या आत छापील अकारविल्हे यादी हवी आहे. वाचनालयातलं यंत्र ३२-बिट ॲटम नेटबुक, रॅम १ जीबी. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १३व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. अल्पाइन लिनक्स त्यावर अजून नीट बसतं, म्हणून तेच टाकलं.

आधी नुसतं सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी आज्ञा) चालवून पाहिलं. चाचणीला मध्य रेल्वेची तीन स्थानकं पुरतात: कल्याण, कसारा, कळवा. अकारविल्हे हाच क्रम बरोबर आहे, कारण मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. सॉर्टने मात्र कल्याण, कळवा, कसारा असं लावलं. युनिकोडमध्ये ल २३५४ आणि ळ २३५५ असे शेजारी बसले आहेत. युनिकोडचा देवनागरी तक्ता १९८८च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून आला, आणि इस्कीत सगळ्या भारतीय लिप्यांना एकच सामाईक मांडणी होती. त्या मांडणीत ळ ची जागा ल शेजारी, ऱ ची र शेजारी. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र संकेतांकच नाहीत. ती जोडाक्षरं असल्यामुळे ‘ज्ञानसाधना’ ज च्या ढिगात जाते.

लोकॅल (यंत्राला सांगितलेली भाषा) मराठी ठेवूनही अल्पाइनवर काही फरक पडला नाही. यात बिघाड काही नाही. अल्पाइनची सी लायब्ररी म्हणजे मसल, आणि मसलमध्ये भाषेनुसार तुलना करणारं फंक्शन सरळ बाइटांचीच तुलना करतं. आयसीयू लायब्ररीत मराठीचे नियम आहेत. पण अल्पाइनवर तिच्यासोबत आपसूक फक्त इंग्रजीचा डेटा येतो, संपूर्ण डेटाचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं आणि ते साधारण ३० एमबीचं आहे. साडेतीन हजार ओळींसाठी हे जड आहेच. शिवाय यादीतल्या टंकनाच्या चुका त्यानेही सुटणार नाहीत.

ठरलेली रीत जुनी आणि खात्रीची आहे. प्रत्येक ओळीच्या पुढे क्रमकिल्ली, म्हणजे तिचा क्रम ठरवणारे बाइट, लावायची, मग टॅब, मग मूळ ओळ. हे सॉर्टला द्यायचं आणि शेवटी कट या आज्ञेने पहिला रकाना काढून टाकायचा. मूळ मजकुराला हात लागत नाही.

१४ सप्टेंबर

तक्ता तयार झाला. आधार महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातली वर्णमाला: स्वर १४ (अ आ इ ई उ ऊ ऋ ऌ ए ॲ ऐ ओ ऑ औ), स्वरादी २, व्यंजनं ३४, विशेष संयुक्त व्यंजनं २, एकूण ५२. आमच्या तक्त्यात ओळीचा क्रमांक हाच वर्णाचा क्रम:

ओळ १ ते १०: अंक. ० आणि रोमन शून्य एकाच ओळीत, तसंच ९ पर्यंत.
ओळ ११ ते १३: चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग.
ओळ १४ ते २७: स्वर.
ओळ २८ ते ६१: क पासून ळ पर्यंत व्यंजनं.
ओळ ६२, ६३: क्ष, ज्ञ.
ओळ ६४ ते ७५: मात्रा, ा पासून ौ पर्यंत.
ओळ ७६: हलन्त.
ओळ ७७ ते १०२: रोमन अक्षरं, लहान-मोठी एकच.

किल्लीतला बाइट म्हणजे ओळ क्रमांक अधिक ३२. त्यामुळे किल्ली ३३ पासून १३४ पर्यंतच्या बाइटांत मावते. ३२ राखून ठेवला शब्दांमधल्या जागेला. जागा सगळ्यांत हलकी असल्यामुळे ‘काळा घोडा’ हा ‘काळाचौकी’च्या आधी येतो. माणसाने हाताने यादी केली तरी हेच होतं.

मात्रा व्यंजनांच्या नंतर का? क नंतर लगेच दुसरं व्यंजन आलं तर तो क अकारान्त आहे, आणि ‘कळवा’ ‘कामोठे’च्या आधी यायला हवा. हलन्त सगळ्यांच्या शेवटी, म्हणून ‘कोपरी’नंतर क ची जोडाक्षरं. युनिकोडचा क्रम याच तऱ्हेचा आहे, तेवढं काम त्याने आधीच करून ठेवलंय.

अनुस्वाराचा प्रश्न मतभेदाचा आहे. बाराखडीत ‘कं’ शेवटी म्हणतात, आपण तो सुरुवातीला घेतलाय. कुणाला दुसरा क्रम हवा असेल तर तक्त्यातली एक ओळ हलवायची, प्रोग्रामला हात लावायची गरज नाही. एवढ्यासाठीच तक्ता वेगळ्या फाइलीत ठेवला.

एक अडचण लगेच आली. ओळीवर नुसती मात्रा लिहिली की संपादकात ती ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते, किंवा आधीच्या जागेला चिकटते, आणि दुरुस्त करताना दिसतच नाही. म्हणून पहिल्या रकान्यात संकेतांक, दुसऱ्यात डोळ्यांसाठी अक्षर: ‘२३५५ ळ’. क्ष ची ओळ ‘२३२५ २३८१ २३५९ क्ष’. प्रोग्राम फक्त पहिला रकाना वाचतो.

२१ सप्टेंबर

पहिलं रूप ऑकमध्ये. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये जन्मलेली ही भाषा असल्या कामाला अजूनही पहिली आठवते. पण ऑक एक नाही. जीऑक युटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटांत साठवायची रीत) लोकॅलमध्ये ‘क’ची लांबी १ सांगतो, डेबियनवर आपसूक असलेला एमऑक ३ सांगतो. दोन्हीकडे एकच उत्तर यावं म्हणून एलसी_ऑल (लोकॅल ठरवणारं चल) ला ‘सी’ दिलं आणि सगळं बाइटांवर केलं. क म्हणजे २२४, १६४, १४९. ऑकच्या स्ट्रिंगमध्ये हे अष्टमान पद्धतीने लिहावं लागतं: ३४०, २४४, २२५. दशमान आकडे तसेच टाकले तर चूक दाखवली जात नाही, भलताच बाइट तयार होतो.

बाइटांवर काम करताना एका अक्षराचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात मिळून तिसरंच अक्षर जुळेल ही भीती युटीएफ-८ मध्ये नाही. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तो रचला तेव्हाच अक्षराचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट यांच्या कक्षा वेगळ्या ठेवल्या. देवनागरीचं प्रत्येक अक्षर २२४ ने सुरू होतं, पुढचे दोन बाइट १२८ ते १९१ मध्येच असतात.

चूक दुसरीकडे निघाली. एमऑकवर ‘क्षितिज’ शेवटी गेलं, जीऑकवर क मध्ये राहिलं. तक्ता ॲरेत भरून ‘फॉर-इन’ने फिरवला होता, आणि ऑकमध्ये त्या फेरीचा क्रम ठरलेला नसतो. एकाने क्ष आधी तपासला, दुसऱ्याने क. उपाय: आधी तीन संकेतांकांचा तुकडा जुळतो का पाहायचं, मगच एकाचा. सर्वांत लांब जुळणी आधी, हा नियम ॲरेच्या क्रमावर सोडायचा नाही.

२८ सप्टेंबर

क्रम लागला, पण यादी चुकीचीच दिसते. दोष डेटाचा आहे. प्रकल्पातलं खरं काम हेच, म्हणून ही नोंद लांब.

*ऱ चे तीन अवतार.* ‘दऱ्या’ मधला अर्धा र तीन तऱ्हांनी टंकलेला सापडला: सरळ ऱ (२३५३) अधिक हलन्त, र (२३५२) अधिक नुक्ता म्हणजे अक्षराखालचं टिंब (२३६४) अधिक हलन्त, आणि र अधिक हलन्त अधिक शून्य-रुंदीचा जोडक (८२०५). पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन युनिकोडच्या लेखी समान आहेत, तिसरा नाही. बरेच जण अदृश्य चिन्हं म्हणून ८२०४ आणि ८२०५ सरसकट पुसून टाकतात. मराठीत तसं केलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात. म्हणून आधी र-हलन्त-जोडक याचं ऱ-हलन्त करायचं आणि मगच उरलेले जोडक काढायचे. हा क्रम उलटला तर माहिती कायमची जाते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की सरळ ऱ मिळतो, नव्या नोंदींसाठी तोच वापरायचा.

किल्लीत ऱ आणि र यांना एकच क्रम दिला. दोन किल्ल्या तंतोतंत सारख्या निघाल्या तर सॉर्ट पुढची मूळ ओळ पाहतो, त्यामुळे ‘दर्या’ आधी, ‘दऱ्या’ नंतर, दर वेळी तसंच.

*ॲ.* हा २४१८ वर आहे आणि युनिकोडमध्ये २००८च्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नोंदींत अ (२३०९) अधिक ॅ (२३७३) आहे. युनिकोड या दोघांना समान मानत नाही, म्हणजे नेहमीचं सामान्यीकरण (समान रूपं एकसारखी करणं) चालवूनही ‘ॲल्बम’ दोन ठिकाणी राहतो. याच जातीचे अ अधिक ा, अ अधिक ो, आ अधिक ॅ. डोळ्यांना आ, ओ, ऑ दिसतात, बाइट वेगळे. यावर सरसकट बदल चालवायच्या बेतात होतो, पण यादीत ‘अेक’, ‘अितिहास’ अशी शीर्षकं निघाली. ती चूक नाही. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली ती अ-ची बाराखडी आहे आणि मुखपृष्ठावर तशीच छापलेली आहे. ग्रंथसूचीने मुखपृष्ठाशी प्रामाणिक राहायला हवं. म्हणून मूळ मजकूर तसाच ठेवला, फक्त किल्ली काढताना ‘अ अधिक मात्रा म्हणजे तो स्वर’ असा नियम घातला. ‘अेक’ आता ‘एक’च्या शेजारी उभा राहतो.

*विसर्गाच्या जागी कोलन.* ‘दु:ख’ मध्ये विसर्गाऐवजी (२३०७) रोमन कोलन (५८) टाकलेला ४१ ठिकाणी. दोन देवनागरी अक्षरांमधला कोलन बदलून टाकावा असं वाटतं, पण शीर्षक आणि उपशीर्षक यांच्यामध्ये जागा न सोडता कोलन टाकलेल्या नोंदीही आहेत, त्या बिघडल्या असत्या. म्हणून ‘दु:’, ‘नि:’, ‘अंत:’, ‘पुन:’ यांनी शब्द सुरू होत असेल तेवढाच आपोआप बदल. बाकीचे अहवालात येतील, माणूस पाहील.

*अर्धवट अक्षरं.* काही लांब शीर्षकांच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. आधीच्या सॉफ्टवेअरने शीर्षकाला १०० बाइट दिले होते. देवनागरीची ३३ अक्षरचिन्हं म्हणजे ९९ बाइट, शंभरावा बाइट ३४व्या चिन्हाचा पहिला तुकडा. युटीएफ-८ वरून युटीएफ-८ वर आयकॉन्व (संकेतन बदलणारा प्रोग्राम) चालवला की डेबियनवर तो पहिल्या चुकीच्या जागी थांबतो आणि जागा सांगतो. असे २७ निघाले. तुकडा काढून टाकणं सोपं, पण शीर्षकाची शेपटी कायमची गेली. ती कपाटातल्या पुस्तकावरूनच भरायची.

*उलटी वेलांटी.* जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतर केलेल्या सुमारे ३०० नोंदी. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशीच, व्यंजनाच्या आधी साठवायचे. रूपांतर करणाऱ्याने ती हलवली नाही तर ‘कविता’चं ‘किवता’ होतं आणि रफारही घसरून ‘मार्ग’चा ‘मागर्’ होतो. शब्दाच्या सुरुवातीला वेलांटी, मात्रेवर मात्रा, शब्दाच्या शेवटी ‘र्’, एवढं ग्रेप या शोध-आज्ञेने पकडता येतं. ‘किवता’ मात्र रचनेने निर्दोष आहे, तो नियमाने पकडता येत नाही. त्यामुळे हा गठ्ठा वेगळा काढून डोळ्यांनी वाचायचा, दुसरा मार्ग नाही.

किरकोळ: विंडोजच्या ओळ-अंतातला अधिकचा बाइट (१३), न तुटणारी जागा (१९४ १६०), फाइलच्या तोंडाशी २३९ १८७ १९१ हे तीन बाइट. या शेवटच्यामुळे पहिली नोंद नेहमी भलतीकडे जाते, बाकी यादी ठीक दिसते.

५ ऑक्टोबर

किल्लीचा भाग सी मध्ये लिहिला, साफसफाई ऑकमध्येच ठेवली. किल्लीला प्रत्येक अक्षरामागे पुढची दोन पाहावी लागतात. ऑकमध्ये ते जमतं, पण वाचणाऱ्याला त्रास होतो. सी मध्ये तो १३० ओळींचा सरळ लूप आहे: संकेतांक वाच, तक्त्यात शोध, बाइट लिही. विरामचिन्हं गाळायची, टिंब आणि संयोगचिन्ह यांना जागा मानायचं, सलग जागा एकच धरायची. त्यामुळे लेखकाच्या आद्याक्षरांमध्ये जागा सोडली काय, न सोडली काय, किल्ली एकच.

तीन खड्डे लागले.

रास्पबेरी पाय या छोट्या एआरएम संगणकावर नीट चाललेला प्रोग्राम लॅपटॉपवर कोसळला. एआरएम लिनक्सवर ‘कॅर’ (सी मधला एका बाइटचा प्रकार) चिन्हरहित असतो, इंटेलवर चिन्हयुक्त. २२४ तिथे उणे ३२ होतो आणि ॲरेच्या बाहेर वाचतो. बाइट हाताळताना सगळीकडे ‘अनसाइन्ड कॅर’ लिहायचं, अपवाद नाही.

सी-९९ मानक मागितलं की ओळ वाचणारं ‘गेटलाइन’ दिसेनासं होतं, कारण ते पॉसिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचं सामाईक मानक) २००८चं आहे. फाइलच्या सुरुवातीला पॉसिक्सची आवृत्ती २००८०९एल अशी जाहीर करावी लागते. पूर्वी नुसती ताकीद यायची, जीसीसी कंपायलरच्या १४व्या आवृत्तीपासून बांधणीच थांबते. ‘एफगेट्स’ला ठरावीक लांबीचा बफर देऊन हे टाळता येतं, पण मग लांब ओळ अक्षराच्या मध्ये कापली जाते. आधीच्या सॉफ्टवेअरचीच चूक पुन्हा कशाला करायची.

किल्लीचे शेवटचे काही बाइट १२७ च्या वर जातात आणि ते वैध युटीएफ-८ नसतात. म्हणून सॉर्टला नेहमी एलसी_ऑल=सी देऊनच चालवायचं. डेबियनवर हे विसरलं तर क्रम गडबडतो. अल्पाइनवर विसरलं तरी चालतं, त्यामुळे चूक लपून राहते. सॉर्टला रकान्याचा पर्याय देण्याची गरज नाही: टॅब (९) हा किल्लीतल्या कुठल्याही बाइटपेक्षा लहान असल्याने आखूड किल्ली आपोआप आधी येते.

मसलसोबत स्थिर जोडणी करून बांधलेली फाइल काही दहा किलोबाइटमध्ये बसते, डेबियनच्या जीलिबसी या सी लायब्ररीसोबत तीच शेकड्यांत जाते. नेटबुकवर पूर्ण यादी पाव सेकंदाच्या आत.

१२ ऑक्टोबर

चाचणी: ठाणे आणि नवी मुंबईतली ६० ठिकाणं हाताने अकारविल्हे लावली. ‘मेक टेस्ट’ ती शफ या आज्ञेने पिसतो, साधनातून काढतो आणि मूळ फाइलीशी डिफ करतो, म्हणजे फरक पाहतो. डिफ रिकामा आला की पास. कल्याण, कसारा, कळंबोली, कळवा, कासारवडवली, कोपरखैरणे, कोपरी, खारघर, खोपट, ही नावं ळ, मात्रा आणि अनुस्वार तिन्ही तपासतात. क्ष-ज्ञ साठी गावं मिळेनात, त्यांच्यासाठी साधे शब्द घातले.

चाचणीचं फलित टर्मिनलमध्ये डोळ्यांनी तपासू नये. एक्सटर्म आणि एसटी ही टर्मिनलं देवनागरीची जुळणी करत नाहीत, वेलांटी चुकीच्या बाजूला दिसते आणि बरोबर नोंद चुकीची वाटते. डिफवर भरवसा ठेवायचा, किंवा ब्राउझरमध्ये उघडायचं.

छपाईसाठी एचटीएमएल. पानाच्या मूळ घटकावर भाषा ‘एमआर’ लिहिली, म्हणजे नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श देतो. ते न लिहिल्यास हिंदी वळण येतं. अल्पाइनवर नोटोचं देवनागरी पॅकेज वेगळं टाकावं लागतं, नाहीतर पानभर चौकोन. ए-४, दोन रकाने, ९ पॉइंट, नोंद मध्ये तुटू नये अशी सूचना. एकूण ३६ पानं, पाठपोट १८ कागद.

वर्णाची मथळे-अक्षरं (क, ख, ग…) किल्लीच्या पहिल्या बाइटवरून फुकट मिळतात. याचा एक उपयोग आधी सुचला नव्हता: मराठी शब्द ळ, ङ, ञ यांनी सुरू होत नाही, मात्रेने तर नाहीच. असा मथळा यादीत उगवला की त्याखालची नोंद नासकी आहे. या वाटेने अजून सहा सापडल्या, अहवालातून निसटलेल्या.

१९ ऑक्टोबर

छापील यादी वाचनालयात गेली. उलट्या वेलांटीच्या गठ्ठ्यातल्या ३८ नोंदी शेवटी ‘तपासायच्या’ म्हणून वेगळ्या छापल्या आहेत. त्या बळेच क्रमात कोंबल्या असत्या तर पुस्तक कपाटात असूनही यादीत सापडलं नसतं.

२ नोव्हेंबर

दिवाळी अंक आले आणि अंकांचा क्रम अडला. ‘भाग १०’ हा ‘भाग २’च्या आधी येतो. किल्लीत सलग अंकांचा गट पाच घरांपर्यंत डावीकडून शून्यांनी भरला: ००००२, ०००१०. देवनागरी आणि रोमन अंक तक्त्यात आधीपासून एकाच ओळीत असल्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही. पाचपेक्षा लांब संख्या तशीच सोडली आहे. चाचणीत चार ओळी वाढवल्या, डिफ रिकामा.

उरलेलं: लेखकाच्या आडनावाने लावलेली दुसरी यादी. आडनाव शेवटचा शब्द धरावा, तर ‘आणि इतर’, ‘संपादक’ हे शब्द आडनाव होऊन बसतात. लेखकाचा रकाना आधी दोन भागांत तोडायला हवा, आणि ते काम पुन्हा यादीतच करायचं आहे.